मदत हवी आहे : बीडची खजाना विहीर आणि वालूरची बारव, गुडघे दुखणाऱ्या वडिलांना नेता येईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही अंबाजोगाईकडचे. आमच्या आण्णांची सगळी हयात विहिरी खोदण्यात गेली. पाणी कुठल्या अंगानं फुटेल हे ते खडक बघून सांगायचे. मध्यंतरी कुणीतरी त्यांना खजाना विहिरीचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून एकच ध्यास घेतलाय : भुयारांची तोंडं स्वतः बघायची.

१६व्या शतकात, निजामशाहीत, सलाबतखानानं ती बांधून घेतली एवढं वाचलंय. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून बलगुजार भागातल्या शेतीकडं जातं. मोट नाही, रहाट नाही, नुसत्या उतारावर! जमिनीच्या पोटात एवढा नेमका उतार कसा धरला असेल, या विचारानं आण्णांना झोप नाही. विहीर बघावी तर अशा माणसानंच, म्हणून काहीही करून त्यांना न्यायचंय.

पायऱ्या उतरताना गुडघे फार दुखतात. वरूनच भुयारांची तोंडं दिसतात, की खाली जावंच लागतं? दिवस कुठले बरे? तिथून पुढं सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारवही दाखवावी म्हणते. काठावरून नीट दिसेल का?

प्रतिसाद
ताई, पावसाळ्यात अजिबात नेऊ नका. जुन्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आपलेच पाय सरकतात तिथं वयस्कर माणसाचं काय. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, बांधकाम जास्त उघडं पडतं, पण आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन त्यांना सोसायचं नाही. दिवाळीनंतर सकाळी लवकर निघा. वालूरला पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, तो घाट काठावरूनही डोळ्यांत भरतो. गावकऱ्यांनी गाळ काढून ती मोकळी केली आहे, भेटलं कुणी तर बोलून बघा. आण्णांचं आणि त्यांचं चांगलं जमेल.

प्रतिसाद
भुयारात मात्र कुणी शिरू नका. कोंदट हवेत माणूस गुदमरतो. आधी कंदील सोडून बघायची रीत आण्णांना ठाऊक असेलच, पण कंदील विझला नाही तरी तोंडापाशीच थांबायचं. बारवेत मोहोळ आहे का तेही आधी बघा, धूर-अत्तर नको. आणि आणखी काही दाखवायचं असेल तर नळदुर्गचा पाणीमहाल ध्यानात ठेवा. १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलाय. पावसाळ्यात वरून पाणी कोसळत असतं आणि आतला महाल कोरडा. आण्णा खूश होतील.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आण्णांना वाचून दाखवलं. कंदिलाचं ऐकून म्हणाले, "बरोबर बोलतोय गडी." दिवाळीनंतरचंच ठरवते. आता एवढंच सांगा : खजाना विहिरीपाशी गाडी अगदी जवळ जाते, की शेतातून चालावं लागतं? आणि बीडहून वालूरला जायला माजलगाववरून रस्ता बरा, की गेवराईवरून?