सल्ला हवा: मामांसाठी जुन्या रॉक बँडचा नंतरच्या काळातला अल्बम

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. माझे मामा या महिनाअखेरीस सातपूरच्या कंपनीतून निवृत्त होतायत. सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली आणि घरी आल्यावर डीप पर्पल हा जुना ब्रिटिश रॉक बँड. 'इन रॉक', 'मशीन हेड', 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' या कॅसेट त्यांनी अजून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्यात. एकीतला टेपमागचा फेल्टचा तुकडा निघाला होता, तो चिमट्याने धरून स्वतः परत चिकटवलाय. १९९५ साली बँड मुंबईत वाजवायला आला तेव्हा पाळी बदलून घेऊन गेले होते.

अडचण अशी की त्यांचं ऐकणं तिथंच थांबलंय. "ब्लॅकमोर सोडून गेला, जॉन लॉर्ड वारला, आता त्यात राहिलंय काय?" हे ठरलेलं वाक्य. ब्लॅकमोर म्हणजे बँडचा गिटारवाला, लॉर्ड ऑर्गन-कीबोर्डवाला. मला त्यांना नंतरच्या काळातला एखादा स्टुडिओ अल्बम भेट द्यायचाय. लाइव्ह किंवा निवडक गाण्यांचा नको, तसे भरपूर आहेत त्यांच्याकडे. डीप पर्पलचाच पाहिजे असं नाही. पण "वय झालंय, सांभाळून घ्या" छापाचाही नको. एलपी घ्यावी की सीडी, तेही सांगा. घरी जुना टर्नटेबल आहे, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर उत्तम आहेत.

कॉलेजरोडकर
'हॅकनी डायमंड्स', डोळे झाकून घ्या. रोलिंग स्टोन्स, २०२३. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी २००५ नंतर थेट हाच काढला. चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेला, तरी यातल्या दोन गाण्यांवर ड्रम्स त्याचेच आहेत, आणि त्यातल्या 'लिव्ह बाय द स्वोर्ड'ला बेसवर चक्क बँड कधीच सोडून गेलेला बिल वायमन. शेवटी गायक मिक जॅगर आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स दोघंच बसून मडी वॉटर्सचं ते गाणं वाजवतात ज्यावरून बँडचं नाव पडलं. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' पहिल्यांदा लागलं तेव्हा मी गंगापूर रोडला गाडी कडेला घेतली. गाणं संपलंसं वाटतं आणि मिक आणि लेडी गागा ते परत उचलतात, तिथे गाडी चालवणं शक्यच नव्हतं.

गोदाकाठची
धन्यवाद! हा मी स्वतःसाठी नक्की ऐकेन. पण मामांना ऑर्गन लागतो. स्टोन्स लावले की पाच मिनिटांत चहा टाकायला उठतात.

सिडकोचा बेसवाला
मग ताई, प्रश्न सुटला. ज्याला वाटतं जॉन लॉर्डनंतर काही उरलं नाही, त्याला लॉर्डलाच अर्पण केलेला अल्बम द्या. डीप पर्पल, 'नाऊ व्हॉट', एप्रिल २०१३.

लॉर्ड २००२ मध्येच बँडमधून बाहेर पडला होता, जुलै २०१२ मध्ये गेला. बँडचा आधीचा स्टुडिओ अल्बम २००५चा. म्हणजे आठ वर्षं नवीन काही नाही, आणि त्यातच हा धक्का. निर्माता म्हणून आला बॉब एझ्रिन, पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' करणाऱ्यांपैकी एक. त्याचं म्हणणं साधं होतं: रेडिओवर लागतील अशी गाणी बेतत बसू नका, स्टेजवर जसे मोकळे सुटता तसे सुटा. नॅशव्हिलला रेकॉर्डिंग झालं.

मामांना पहिलं गाणं नीट ऐकवा. 'अ सिंपल साँग' इतकं हळू सुरू होतं की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. गिटारचे सुटे सूर, खाली बेस, आणि इयन गिलन जवळपास बोलल्यासारखा गातोय. आवाज वाढवू देऊ नका, कारण पुढे ऑर्गन आणि इयन पेसचे ड्रम्स मिळून येतात ते थेट छातीवर. त्या जागी मामा काही बोलले तर इथे येऊन लिहा.

ऑर्गनवर डॉन एअरी आहे. मामा त्याला नवा माणूस समजत असतील तर सांगा, हा ब्लॅकमोरच्या रेनबो बँडमध्ये त्याच्याबरोबर होता, आणि ऑझी ऑस्बोर्नच्या 'मिस्टर क्राउली'ची सुरुवातीची सुरावट यानेच वाजवलीय. मला त्याचं सगळ्यात काय आवडतं, तर तो लॉर्ड व्हायला जात नाही. हॅमंड ऑर्गनची ती खरखरीत गुरगुर तीच आहे, पण वाक्यं त्याची स्वतःची. 'हेल टू पे'च्या मध्यात बँड त्याला रान मोकळं करून देतो तिथे हे स्वच्छ कळतं.

लॉर्डसाठीची गाणी दोन, 'अबव्ह अँड बियाँड' आणि 'अनकॉमन मॅन'. दुसऱ्याची सुरुवात मी कितीही ऐकू शकतो. स्टीव्ह मोर्सची गिटार बराच वेळ एकटीच हिंडत असते, ताल नाही, घाई नाही. मग तुताऱ्या फुंकल्यासारखी कीबोर्डची सुरावट येते आणि गाणं उभं राहतं. शोक आहे, पण रडगाणं नाही. गेलेल्या माणसाला मानाने पाठवताहेत.

गिलन तेव्हा ६७ वर्षांचा. बँडच्या जुन्या 'चाइल्ड इन टाइम' गाण्यातल्या किंकाळ्या आता नाहीत, त्यांची वाटही बघू नका. तो खालच्या पट्टीत, शब्द चावून गातो, आणि मला या वयातला गिलन जास्त जवळचा वाटतो. 'बॉडीलाइन' मला फारसं धरत नाही, एवढं एक सोडलं तर अल्बम सलग ऐकावा असा आहे.

तपोवन
बेसवाले, अल्बम चांगला आहे, वाद नाही. पण मामांची गाडी १९९५ला थांबलीय ना? मग तिथूनच उचला. 'पर्पेंडिक्युलर', १९९६. मोर्सबरोबरचा पहिला स्टुडिओ अल्बम, म्हणजे मुंबईत मामांनी जो गिटारवाला ऐकला तोच. शिवाय कीबोर्डवर खुद्द लॉर्ड. पहिलंच गाणं टेड नावाच्या मेकॅनिकचं, टूलरूमच्या माणसाला याहून काय पाहिजे! आणि 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'मधली मोर्सची गिटार ऐकल्यावर ब्लॅकमोर गेल्याचं दुःख निम्मं होतं.

सिडकोचा बेसवाला
'पर्पेंडिक्युलर' मलाही प्रिय आहे, मोर्सच्या काळातला सगळ्यात ताजा अल्बम म्हणाल तर तोच. पण त्यात लॉर्ड आहे, म्हणून मामांचा आक्षेप जागेवरच राहतो. "तोपर्यंत ठीकच होतं," म्हणतील. त्यांच्या मनातली गाठ पुढची आहे.

तपोवन
हे पटलं.

पांडवलेणी_पायथा
ऑर्गन-कीबोर्डवाल्या कानांसाठी पिंक फ्लॉइडचा 'द डिव्हिजन बेल' (१९९४) विसरू नका. त्यांचा कीबोर्डवाला रिक राइट त्यात मुख्य गायक म्हणून 'डार्क साइड ऑफ द मून'नंतर पहिल्यांदा गातो. 'हाय होप्स'मधली ती घंटा रात्री सगळं शांत असताना ऐकावी. ब्लॅक सॅबथचा '१३' (२०१३) सुद्धा दमदार आहे, पण भेट म्हणून जरा जड.

नाशिकरोड_लोकल
इंडस क्रीडचं नाव कसं कोणी घेतलं नाही? मुंबईचा बँड, आधीचं नाव रॉक मशीन. १९९७ला फुटले, पुन्हा जमले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' काढला. महेश तिनईकरची गिटार जुन्या दिवसांपेक्षा कितीतरी पोक्त झालीय. मामांच्या पिढीने हा बँड नक्की ऐकलेला असणार.

गोदाकाठची
हो! रॉक मशीनची कॅसेट आहे त्यांच्याकडे. 'इव्हॉल्व्ह' दुसऱ्या नंबरवर लिहून घेतला. 'नाऊ व्हॉट' नक्की. आता एलपी की सीडी?

सर्किट_अंबड
टर्नटेबल शेवटचा कधी चालवला होता? बेल्टवर चालणारा असेल आणि वर्षानुवर्षं पडून असेल तर रबर सैल पडलेलं असतं. वेग कमी होतो आणि गिलन सर्दी झाल्यासारखा गाईल. आधी जुनी, ओळखीची एलपी लावून बघा. सूर खाली वाटला तर बेल्ट बदला, स्वस्तात होतं. सुई मात्र तपासल्याशिवाय नवी एलपी अजिबात लावू नका, झिजलेली सुई पहिल्याच फेरीत खाचा खरवडते. 'नाऊ व्हॉट' दोन एलपींवर आहे, बाहेरून मागवलेली महाग पडते आणि यायला वेळ लागतो. महिनाअखेरीचा मुहूर्त गाठायचा तर सीडी घ्या.

आणि मुंबईत काळा घोड्याला र्‍हिदम हाऊसमध्ये मिळेल असं कोणी सांगितलं तर जाऊ नका, ते २०१६ मध्येच बंद झालं.

गोदाकाठची
अरेरे, मामांच्या निम्म्या कॅसेट तिथल्याच आहेत. ठीक, सीडी मागवते. शनिवारी मामा घरी नसताना टर्नटेबल उघडून बेल्टही बघते. सर्किटदादा, बेल्टचं माप कसं घ्यायचं?

सर्किट_अंबड
जुना बेल्ट काढा, ताणू नका. सपाट टेबलावर दुमडून दोन्ही बाजू एकमेकींना टेकवा आणि टोकापासून टोकापर्यंत लांबी मोजा. त्याची दुप्पट म्हणजे परीघ. नवा त्याहून किंचित लहान घ्यायचा, कारण जुना ताणलेला असतो. रुंदीही मोजा. मॉडेल नंबर मागच्या पट्टीवर असेल, त्याचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.