घरच्या स्विमिंग पूलला सॉल्ट क्लोरिनेटर (मिठातून क्लोरीन बनवणारं मशीन) हो, पण स्पाला नको. पटतंय का बघा

सावरगावचा_मी

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला घराचं काम चाललंय, पूलचा खड्डा झालाय आणि आता पंपाच्या खोलीत काय काय बसवायचं ते ठरवायची वेळ आलीय. पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४, म्हणजे साधारण ४५,००० लिटर. शेजारी १,८०० लिटरचा स्पा (बसायचं गरम पाण्याचं टाकं), ज्याचं पाणी ड्रॉइंगमध्ये पूलमध्ये सांडताना दाखवलंय. काँट्रॅक्टर म्हणतो दोन्हीला मिळून एकच सॉल्ट क्लोरिनेटर टाका, मला त्यातलं अर्धंच पटतंय.

पूलला क्लोरिनेटर हवाच. लोकांना वाटतं मिठाचा पूल म्हणजे बिनक्लोरीनचा पूल, तसं अजिबात नाही. पाण्यात लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ असतं (समुद्रात ३५ च्या आसपास), ते पाणी टायटॅनियमच्या प्लेटांमधून जाताना वीज मिळाली की त्याच मिठातून क्लोरीन बनतो आणि त्याचं काम झालं की परत क्लोराईड होतो, म्हणजे मीठ संपत नाही, फक्त पाणी बाहेर गेलं तरच कमी होतं. आमच्या पूलला सुरुवातीला १५५-१६० किलो लागेल, बोअरच्या पाण्यात आधीच थोडं असेल तर तेवढं कमी. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात क्लोरीन भराभर उडतो, त्यामुळे रोज थोडा थोडा पडणं महत्त्वाचं, रविवारी एकदम ओतून काही होत नाही.

आता साईझ. उन्हाळ्यात दिवसाला ३ पीपीएम (म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम) क्लोरीन खर्च धरला तर ४५,००० लिटरला १३५ ग्रॅम क्लोरीन लागतो. तासाला २० ग्रॅमचं मशीन ८ तासांत १६० देतं, हिशोबात बसतं, पण मग ते कायम फुल दाबूनच चालणार आणि सेल (तोच प्लेटांचा संच) लवकर जाणार. ३० ग्रॅमचं घेतलं तर निम्म्या जोरावर निवांत चालेल. मशीनवर 'इतक्या लिटरसाठी' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, तासाला किती ग्रॅम ते विचारा.

स्पाला मात्र नको. तेच ३० ग्रॅमचं मशीन स्पा मोडवर, म्हणजे फक्त स्पाचंच पाणी फिरत असताना, १,८०० लिटरला तासभर फुल चाललं तर क्लोरीन १६-१७ पीपीएमने वाढतो, जिथे ३ च्या थोडं वर पुरे. आणि कमी करून ठेवावं तर चार पाहुणे ३९ अंशाच्या पाण्यात तासभर बसले की होता नव्हता तेवढा संपला. मशीनला काय माहीत आत किती जण बसलेत. कोमट-गरम पाण्यात लिजिओनेला, स्युडोमोनाससारखे जंतू झपाट्याने वाढतात, तिथे अंदाजपंचे चालत नाही. म्हणून माझं म्हणणं स्पा पूर्ण वेगळा करायचा, त्याचा पंप वेगळा, फिल्टर वेगळा, बिनमिठाचं पाणी आणि क्लोरीन हाताने मोजून. बोला.

फिल्टरवाला_पंचवटी

दादा, गणित बरोबर आहे पण पाणी कुठलं भरणार हेच तुम्ही पुरतं लिहिलं नाही, आणि माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागतो. मी पूल मेंटेनन्सचीच कामं करतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी कडक, कॅल्शियम जास्त आणि बायकार्बोनेट पण जास्त. क्लोरिनेटरच्या एका प्लेटवर क्लोरीन निघतो, दुसरीवर हायड्रोजन, आणि त्या दुसऱ्या प्लेटपाशी पीएच एकदम चढतो, म्हणजे पाण्यातला चुना नेमका तिथेच धरतो. उन्हाळ्यात पाणी उडतं, चुना मागे राहतो, तुम्ही वरून परत बोअर सोडता, की अजून चुना. सेल्फ क्लीनिंग म्हणून विकतात ते खोटं नाही, प्लेटांची पोलॅरिटी उलटते आणि थर सुटतो, पण हार्डनेस ४००-५०० झाला की ते पुरत नाही, सेल काढून पातळ अ‍ॅसिडमध्ये बुडवावा लागतो आणि दरवेळी कोटिंग थोडं थोडं जातं. सेल ३ ते ७ वर्षं चालतो म्हणतात, तुम्ही ३ च धरा. आणि मशीनच्या किमतीत मोठा वाटा सेलचाच असतो.

दुसरं, मिठाच्या पूलचा पीएच सारखा वर जातो, हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात म्हणून. म्हणजे क्लोरीनचे कॅन गेले तरी अ‍ॅसिडचा कॅन घरात आलाच.

तिसरं लाईट. पंप बंद तर क्लोरीन बंद. वळवाच्या पावसात तुमच्या पट्ट्यात लाईट कधी येईल सांगता येत नाही आणि पाणी हिरवं व्हायला तेवढा वेळ बास होतो.

माझं मत विचाराल तर लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, द्रव क्लोरीन) आणि ते थोडं थोडं सोडणारा छोटा डोसिंग पंप. स्वस्त पडतं, बिघडलं तर पार्ट इथेच मिळतो, आणि लाईट नसेल तर कॅन उचलून हाताने ओतता येतं.

पाथर्डी_फाटा_ताई

मी सॉल्टच्या बाजूने, आणि माझं कारण गोळ्या. आमच्याकडे आधी गोळ्यांवरच पूल चालायचा. देखभालीला येणारा माणूस तरंगत्या डब्यात टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) गोळ्या टाकून जायचा, क्लोरीनची टेस्ट दरवेळी व्यवस्थित यायची आणि तरी भिंतींवर हिरवं धरायचं. त्याचं कारण त्याने आम्हाला कधीच सांगितलं नाही, ते मी वाचून शोधलं. या गोळ्यांमधून १० पीपीएम क्लोरीन आला की बरोबर ६ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिड पण येतं. क्लोरीन उडून जातो, सायन्युरिक तसंच साचत राहतं. रोजचा २ पीपीएम धरला तरी महिन्याला ३६ पीपीएम! ३०-५० पर्यंत ते चांगलं, उन्हापासून क्लोरीन वाचवतं, पण १०० च्या पुढे गेलं की क्लोरीन बांधून ठेवतं, टेस्टमध्ये दिसतो पण काम करत नाही. उपाय एकच, पाणी उपसून नवीन भरा, आणि ते पण मे महिन्यात टँकरने.

सॉल्टमध्ये सायन्युरिक आपण एकदाच टाकतो, ते आपोआप वाढत नाही. आणि मुलांचे डोळे लाल होणं, कातडी कोरडी पडणं खूप कमी झालंय, हे मी रोज बघते.

फिल्टरवाला_पंचवटी

ताई, गोळ्यांबद्दल १०० टक्के सहमत, मी पण घरच्या पूलला फक्त गोळ्यांवर चालवा असं कोणाला सांगत नाही. पण मी हायपो म्हणतोय, त्यात सायन्युरिक नसतंच. आणि डोळ्यांचं म्हणाल तर आधी तुमच्या पाण्यात क्लोरामाइन साचले असणार, म्हणजे घाम-लघवीबरोबर जोडला गेलेला क्लोरीन, वास पण त्याचाच येतो. क्लोरीन रोज पुरेसा पडला तर हायपोवर पण डोळे चुरचुरत नाहीत.

पाथर्डी_फाटा_ताई

बरोबर, पण रोज पुरेसा पडला तर ना. हायपो उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं की काही आठवड्यांत त्याची ताकद उतरते, १० टक्क्यांचं म्हणून आणलेलं प्रत्यक्षात किती राहिलं कळत नाही. आणि ३५ लिटरचे कॅन कोण उचलणार? घरात मी आणि सासूबाई. त्यात अ‍ॅसिड आणि हायपो एकाच खोलीत ठेवायला मला भीतीच वाटते, चुकून एकत्र झालं तर विषारी गॅस होतो. मला मशीन परवडलं.

द्राक्षबाग_निफाड

सगळे पाण्याच्या आतलं बोलताय, बाहेर जाणाऱ्या पाण्याचं कोणीच बोलत नाही. सावरगाव-गिरणारे पट्ट्यात घराला लागून बागा आहेत. द्राक्षाला खारं पाणी सोसत नाही, पाण्याचा ईसी (खारेपणा मोजायचा आकडा) १ च्या वर गेला की उत्पादनाला फटका बसायला सुरुवात होते असं धरतात, आणि तुमच्या पूलचा ईसी ६-७ असणार. डॉगरीजसारख्या खारं पाणी जरा सोसणाऱ्या खुंटावर बाग असली तरी क्लोराईड साचलं की पानांच्या कडा जळतात. सँड फिल्टरच्या एका बॅकवॉशला (उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्याला) ५००-६०० लिटर पाणी जातं, म्हणजे जवळजवळ २ किलो मीठ. ते तुम्ही कुठे सोडणार?

पावसाळ्याचं पण मांडून बघा. नाशकात वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस धरला तर ३२ चौरस मीटरच्या पूलमध्ये २२,००० लिटर पाणी पडणार आणि जवळजवळ तेवढंच ओव्हरफ्लो होणार, मीठ घेऊन. थोडं बाष्पीभवन वजा केलं तरी दरवर्षी ४०-५० किलो मीठ तुमच्या कुंपणाबाहेर. शेजाऱ्याच्या विहिरीला हे कळायला दोन-चार वर्षं लागतात, मग काही करता येत नाही. मी स्पष्ट विरोधात. हौस तुमची, जमीन सगळ्यांची.

सावरगावचा_मी

काका, या धाग्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा तुमचाच आहे. बॅकवॉश टाळता येतो, सँड फिल्टरऐवजी कार्ट्रिज फिल्टर घेतला की बॅकवॉशच नाही, काढून नळीखाली धुवायचा, धुताना थोडं पाणी जाईल पण ५०० लिटर नाही. पावसाळ्यासाठी ताडपत्रीचं कव्हर, त्यावर साचलेलं पाणी गोडंच राहतं, ते छोट्या पंपाने काढून झाडांना. जून ते सप्टेंबर पूल तसाही फारसा वापरात नसतो. आणि ओव्हरफ्लोची लाईन बागेच्या बाजूला उतारावर काढलेली होती, ती मी बदलायला सांगतोय.

फिल्टरवाले दादा, पाण्याचं. पहिली भरणी धरणाच्या पाण्याच्या टँकरने करायची असं ठरवलंय, बोअर फक्त भर घालायला. अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट) १२०-१५० ऐवजी ७० च्या आसपास ठेवली तर पीएच चढायचा वेग पण कमी होतो. अ‍ॅसिड लागणार हे मान्यच आहे, पण आठवड्याला थोडं अ‍ॅसिड आणि रोजचं हायपो यात मला पहिलं सोपं वाटतं. लाईटसाठी एक ५ लिटरचा हायपोचा कॅन घरात ठेवायचा, अडचणीला.

द्राक्षबाग_निफाड

लाईन बदलून नाल्यात सोडणार असाल तर काही उपयोग नाही, नाल्याचं पाणी खाली कोणीतरी मोटारीने उचलतंच. कव्हरचं मात्र चांगलं. कव्हर शेवटपर्यंत टिकतं का ते बघावं लागेल, जुलैच्या वाऱ्यात ताडपत्री फाटायला वेळ लागत नाही, चांगल्या जाडीची घ्या आणि मध्ये दोरांचा आधार द्या. हायपोवरचा पूल असता तर तेच पाणी क्लोरीन उतरल्यावर निदान कडेच्या सिल्वर ओकला तरी देता आलं असतं, असं मला अजून वाटतं.

कोटिंग_आणि_कोपिंग

सिव्हिलच्या बाजूने थोडं. काठाला शहाबादी किंवा कोटा लावणार असाल तर विसरा, दोन्ही चुनखडीचे दगड, खारं पाणी उडून उडून वाळलं की पापुद्रे सुटतात. आपला काळा दगड लावा, बेसॉल्ट, इथेच मिळतो आणि मिठाला दाद देत नाही. शिडी आणि रेलिंग ३१६ ग्रेड स्टीलचं, ३०४ गंजतं. हीटर लावणार असाल तर टायटॅनियमचाच. क्लोरिनेटर पाईपलाईनवर सगळ्यात शेवटी, हीटरच्या पुढे, म्हणजे क्लोरीनचं घट्ट पाणी हीटरमध्ये मागे यायला नको. फ्लो स्विच असलेलंच मशीन घ्या, पाणी थांबलेलं असताना सेल चालू राहिला तर हायड्रोजन साचतो आणि तो स्फोटक आहे. अर्थिंग आणि स्टीलचं बाँडिंग (धातूचे सगळे भाग तारेने एकत्र जोडणं) इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून करून घ्या.

स्पाच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. वेगळा पंप, वेगळा फिल्टर, वेगळी पाईपलाईन, खर्च पण वाढला आणि सांडणाऱ्या पाण्याची मजा पण गेली. आजकालच्या कंट्रोलरवर स्पा मोडला टक्केवारी वेगळी लावता येते, ५ टक्क्यांवर ठेवा, झालं.

सावरगावचा_मी

५ टक्क्यांवर ३० ग्रॅमचं मशीन तासाला दीड ग्रॅम देतं, १,८०० लिटरला १ पीपीएमपेक्षा कमी. रिकाम्या स्पाला ते पुरेल, चार माणसांना नाही, आणि माणसं आत असताना टक्केवारी वाढवत बसणार कोण? शिवाय पूलचं पाणी आणि स्पाचं पाणी एक असलं की सायन्युरिक पण स्पात येतं. अमेरिकेची सीडीसी (तिथली सरकारी आरोग्य संस्था) स्पात सायन्युरिक नको आणि क्लोरीन किमान ३ ठेवा असं सांगते, पूलला मात्र सायन्युरिकशिवाय उन्हात भागत नाही. दोघांची गरजच उलटी आहे, मग पाणी एक कशाला ठेवायचं? वेगळ्या स्पाला बसायच्या आधी १० टक्क्यांचं हायपो ५०-६० मिली टाकलं की ३ पीपीएम येतो, टेस्ट करायची मगच आत, उठल्यावर परत टाकायचं. दोन-तीन महिन्यांनी १,८०० लिटर बदलून टाकायचं, पाणी बिनमिठाचं असल्यामुळे क्लोरीन उतरल्यावर झाडांना पण जाईल. काका, हे तुमच्यासाठी पण. घरात म्हातारे आईवडील आहेत आणि स्पाचा हट्ट त्यांच्या गुडघ्यांसाठीच आहे, तिथे मी सांडणाऱ्या पाण्यासाठी तडजोड करणार नाही.

फिल्टरवाला_पंचवटी

स्पाबद्दल दादांच्या बाजूने. बुडबुड्यांनी स्पाचा पीएच पण पूलपेक्षा वेगाने चढतो, तो वेगळाच सांभाळलेला बरा.

पूलला क्लोरिनेटर घेणारच असाल तर दोन गोष्टी करा. प्लास्टर झाल्यावर निदान ३० दिवस मीठ टाकू नका, मशीन बायपास ठेवा आणि तेवढे दिवस हायपोवरच चालवा, कच्च्या प्लास्टरला मीठ बाधतं आणि नवीन सिमेंटमुळे पीएच तसाही वर असतो. आणि मीठ रिफाईंड, बिनआयोडीनचं घ्या, खडेमीठ स्वस्त मिळतं पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम येतं, सेलवर परत तेच. बोअरचा लॅब रिपोर्ट आला की हार्डनेस आणि अल्कलिनिटीचे आकडे इथे टाका, हार्डनेस ३०० च्या वर असेल तर भर घालायला पण बोअर नको, छतावरचं पावसाचं पाणी टाकीत धरा आणि ते वापरा.