वारशाने आलेल्या तीन शिकारी बंदुका : ओळख, काळ आणि किंमत कशी ठरवावी?

नवखा वारसदार

थोरल्या काकांच्या पश्चात त्यांच्या दोन दुनळी बंदुका आणि एक रायफल आम्हा भावंडांकडे आली आहे. नोंदणीचे सोपस्कार पूर्ण झाले असून तिन्ही रिकाम्या असल्याची खात्री जाणकाराकडून करून घेतली आहे. पहिल्या बंदुकीला बाहेर दिसणारे घोडे आहेत, नळ्यांवर नागमोडी नक्षी आहे आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे कोरलेले आहे. दुसरी बिनघोड्यांची, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप). तिच्यावरचे नाव झिजून गेले आहे. रायफल माउझर पद्धतीच्या बोल्टची (हाताने मागेपुढे सरकवायच्या खिट्टीची) असून तिच्यावर ‘8 × 57’ एवढेच वाचता येते. वाटणी करायची असल्याने या वस्तू कोणत्या काळातल्या आहेत आणि त्यांची रास्त किंमत कशी ठरवावी, हे समजून घ्यायचे आहे. अनुक्रमांकांवरून शोध घेतला, पण हाती काहीच लागले नाही.

जुनी नळी

अनुक्रमांकापासून सुरुवात केल्यामुळेच आपण अडलात. अनुक्रमांक ही निर्मात्याची खासगी मोजणी असते आणि निर्माता ठाऊक नसेल तर तोच आकडा कितीतरी कारखान्यांच्या वह्यांत सापडू शकतो. दुनळी बंदुकीची जन्मपत्रिका नळ्यांच्या पोटाशी असते. नळ्या उतरवून (सवय नसेल तर हे काम कारागिराकडून करून घ्यावे) चेंबरखालच्या (काडतूस बसते त्या भागाखालच्या) सपाट भागावरचे बारीक शिक्के भिंगातून पाहा आणि तिरप्या उजेडात त्यांची छायाचित्रे घ्या. हे शिक्के चाचणीगृहाचे असतात. नळीत नेहमीपेक्षा जड बार भरून ती टिकते की नाही हे पाहिल्यावरच ते मारले जात. त्यांचे नियम वेळोवेळी बदलत गेले, म्हणून कोणते शिक्के एकत्र आहेत आणि कोणते नाहीत यावरून काळाची चौकट आखता येते. रायफलची नळीही दस्त्यातून काढून खालच्या बाजूने पाहावी.

नवखा वारसदार

कारागिराकडून तिन्ही उघडून घेतल्या. पहिलीवर लंबगोलात ‘ई एल जी’ ही अक्षरे, खाली चांदणी आणि वर मुकुट आहे. दुसरीवर मुकुटाखाली ‘बी पी’, ‘बी व्ही’ आणि ‘एन पी’ असे तीन शिक्के आहेत. शिवाय पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात 12 आणि ‘सी’, व बाजूला ‘चोक’ हा शब्द आहे. रायफलच्या नळीवर मुकुट आणि वेगवेगळी अक्षरे आहेत, त्यांच्या शेजारी ‘6.27’.

जुनी नळी

यातून बरेच काही कळते. लंबगोलातली ‘ई एल जी’ ही बेल्जियममधील लिएज येथील चाचणीगृहाची खूण आहे आणि तिच्यावर मुकुट आला तो 1893 पासून. म्हणजे ही बंदूक त्यानंतरची आणि बेल्जियमची. पट्टीवरच्या नावावर जाऊ नका. प्रसिद्ध इंग्रज निर्मात्यांच्या नावाशी जुळणारी नावे कोरून बेल्जियममधून त्या काळी स्वस्त बंदुका मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असत आणि ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे त्यांतले नेहमी भेटणारे नाव आहे.

दुसरी मात्र बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून गेलेली आहे. मुकुटाखालचे हे तीन शिक्के 1904 च्या नियमांचे असून ‘एन पी’ म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी. 1925 च्या नियमांनंतर चेंबरची लांबीही कोरली जाऊ लागली. आपल्या बंदुकीवर ती नाही, तेव्हा नाव वाचता आले नाही तरी ती 1904 ते 1925 या काळातील असल्याचे आपण बऱ्याच विश्वासाने सांगू शकता.

टीकाकार

पहिलीबद्दल एवढा विचार कशाला? अशा नागमोडी नक्षीच्या, म्हणजे दमास्कस नळ्यांच्या बंदुका भिंतीवर टांगण्यापलीकडे कशाच्याही कामाच्या नसतात.

जुनी नळी

हे विधान सरसकट करू नये. पोलाद व लोखंडाच्या पट्ट्या पिळून आणि जोडून केलेल्या काही उत्तम नळ्यांची धूरविरहित दारूची चाचणी झालेली आहे. मात्र या विशिष्ट बंदुकीवर तसा शिक्का नाही, ती काळ्या दारूच्या काळातील रचनेची आहे, त्यामुळे ती उडवू नये, हा आपला निष्कर्ष मला मान्य आहे. शिक्का म्हणजे जन्मभराची हमीही नव्हे. 12 बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्यांपैकी एकीचा व्यास, सुमारे 18.5 मिलिमीटर. गंजाचे खड्डे काढण्यासाठी नळी आतून घासून रुंद केली असेल, तर वरचा शिक्का तसाच राहतो पण भिंत पातळ झालेली असते.

मोजपट्टी

रायफलबद्दल दोन शब्द. मुकुटाखालची अक्षरे ही जर्मनीत 1893 पासून लागू झालेल्या चाचणी कायद्याची पद्धत आहे. 1940 पासून मुकुटाची जागा गरुडाने घेतली. ‘6.27’ म्हणजे जून 1927, आणि ही तारीख चाचणीची असल्याने तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

आता धोक्याकडे वळतो. ‘8 × 57’ या एकाच नावाखाली दोन वेगळी मापे आहेत : जुन्या गोळीचा व्यास 8.07 मिलिमीटर, तर 1905 च्या सुमारास लष्कराने स्वीकारलेल्या ‘एस’ गोळीचा 8.20. शिकारी रायफली बनवणाऱ्यांनी अरुंद नळी त्यानंतरही कित्येक वर्षे वापरली. जाड गोळीचे काडतूस अरुंद नळीच्या रायफलीत सहज बसते आणि दाब धोकादायक पातळीवर जातो. दुसऱ्या बंदुकीलाही असाच न्याय लागू आहे. त्या काळातील बारा बोअरची चेंबरे बहुधा 65 मिलिमीटरची असतात. हल्लीचे 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, कारण ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. काडतूस आत जाते म्हणजे ते योग्य आहे, असा समज करून घेऊ नये. चेंबरचा साचा आणि नळीचे माप कारागिराने घेईपर्यंत दोन्ही उडवू नयेत.

नवखा वारसदार

धन्यवाद. एक कबुली देतो : दुसऱ्या बंदुकीच्या एका बाजूचा डाग जावा म्हणून मी ती पोलिश कागदाने घासली. दुसरी बाजूही तशीच स्वच्छ करून मग मूल्यांकनाला न्यावी का?

जुनी नळी

कृपया हात थांबवा. संग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो तो मूळ रंग, मूळ झिलई आणि कोरीवकामाच्या तीक्ष्ण कडा याच असतात. त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि नवा चढवलेला काळा रंग जाणकाराला लगेच ओळखू येतो. तेलाचा हलका हात पुरेसा आहे.

मूल्याबाबत सांगायचे तर किंमत एक नसते. विमा उतरवताना तशीच वस्तू पुन्हा विकत घेण्याचा खर्च धरतात. विक्रेता विकत घेतो तेव्हा त्याहून बरेच कमी देतो. लिलावात जो आकडा पुकारला जातो त्यातून लिलावगृहाचे कमिशन वजा होते. वाटणीसाठी इच्छुक विक्रेता आणि इच्छुक ग्राहक यांच्यात ठरेल ती बाजारभावाची किंमत धरावी, आणि तिन्हींना एकच निकष लावावा. तुलना करताना मागितलेल्या किमती न पाहता प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या पाहाव्यात. मूल्यांकन करणाराच ग्राहक नसावा, हे तर वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या बंदुकीची आणखी एक तपासणी घरीच होईल. नळ्यांच्या तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या आहेत का?

नवखा वारसदार

नाहीत. मध्ये फट आहे आणि ती कथिलासारख्या धातूने भरलेली दिसते. नळ्या 26 इंचांच्या आहेत.

जुनी नळी

मग त्या कोणीतरी पुढून कापल्या असण्याची दाट शक्यता आहे. दुनळीच्या नळ्या तोंडाकडे एकमेकींजवळ येत जातात, म्हणून कापल्यावर अशी फट पडते. चोक, म्हणजे नळीचा तोंडाशी केलेला निमुळतेपणा, शेवटच्या काही इंचांत असल्याने तोही गेलेला असणार, जरी शब्द खाली कोरलेला असला तरी. तोंडाचा आतला व्यास मोजून घेतलात तर याची खात्री होईल. तसे निघाल्यास बाजारमूल्य बरेच उतरते आणि 1927 ची रायफल आपल्या तीन वस्तूंतली सर्वांत मौल्यवान ठरू शकते, अर्थात तिच्या दस्त्यावर, बोल्टवर आणि नळीवर अनुक्रमांक एकच असेल तर. वाटणीच्या कागदावर आकडे लिहिण्याआधी ते पाहून घ्या.