तिवराच्या पानातलं सोडियम: सूक्ष्म नकाशा कुठे काढून मिळेल?

खाडीकाठ (ठाणे): नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रीतसर परवानगी घेऊन ऐरोलीकडच्या तिवराची पानं आणली आहेत. तिवर नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. उन्हात पानावरून बोट फिरवलं की खार लागतो. पानाच्या आत सोडियम, मॅग्नेशियम नेमकं कुठे साठतं ते एक्सआरएफने (क्ष-किरण मारले की प्रत्येक मूलद्रव्य जो स्वतःचा क्ष-किरण सोडतं, तो ओळखायची पद्धत) बघायचंय. ओळखीच्या लॅबमध्ये पोटॅशियम, कॅल्शियम, लोह छान दिसतं, सोडियम मात्र दिसतच नाही. इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) जाऊ का?

कोपरीकर: यंत्रात दोष नाही. लोहाचा किरण ६.४ केईव्हीचा (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, किरणाच्या ऊर्जेचं एकक), सोडियमचा जेमतेम १.०४. सेंटिमीटरभर हवेत तो जवळजवळ संपतो, उरलेला डिटेक्टरच्या बेरिलियम खिडकीत अडकतो. त्यात सोडियमचे उत्तेजित अणू शंभरात दोनच्या आसपासच क्ष-किरण सोडतात; बाकीची ऊर्जा अणूतून बाहेर फेकले जाणारे ऑजर इलेक्ट्रॉन घेऊन जातात. म्हणजे निर्वात कक्ष आणि पातळ खिडकीचा डिटेक्टर हवाच. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरची मायक्रो-एक्सआरएफ बीमलाइन (किरण जिथे प्रयोगाला मिळतो ती शाखा) ४ केईव्हीच्या वर चालते, ती जड मूलद्रव्यांसाठी उत्तम. सोडियमसाठी इटलीत त्रिएस्तला एलेत्रा सिंक्रोट्रॉनची ट्विनमाइक बीमलाइन बघा, ४०० ते २२०० ईव्ही (०.४ ते २.२ केईव्ही). पण आधी आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात एसईएम-ईडीएस (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच मूलद्रव्यं ओळखायची तपासणी) करून घ्या. हातात काही असल्याशिवाय बीमलाइनवर वेळ मागणारा प्रस्ताव लिहू नका.

सानपाडा_लॅब: यंत्रापेक्षा नमुन्याची काळजी जास्त घ्या, ताई. फॉर्मॅलिन, अल्कोहोल अजिबात नको, सोडियम धुऊन जातं. पान झटकन गोठवा, गोठलेलंच कापा, फ्रीज-ड्राय करा (गोठलेलंच निर्वातात वाळवा). छेद काचपट्टीवर ठेवू नका! काचेतच सोडियम असतं, नकाशा काचेचा निघेल. पातळ पॉलिमर फिल्म वापरा. सिग्नल वरच्या काही मायक्रॉनमधूनच येतो, तेव्हा जाड छेदाचा उपयोग नाही.

आणि जस्त! त्याची एल-रेषा (जस्ताच्या क्ष-किरणांपैकी एक) १.०१ केईव्हीला, सोडियमला अगदी चिकटून. साध्या डिटेक्टरला दोन्ही वेगळ्या दिसत नाहीत. कारखान्यांच्या शेजारची खाडी आहे, जस्त गृहीत धराच.

खाडीकाठ: मग वेगळं कसं करायचं?

सानपाडा_लॅब: सिंक्रोट्रॉनवर आधी १०६० ईव्हीने मारा. सोडियमची कडा (ज्या ऊर्जेपासून ते चमकायला लागतं ती) १०७१ ला आहे, त्यामुळे तेव्हा चमकेल ते जस्तच. मग ११०० ला तोच भाग पुन्हा स्कॅन करा. जी नवी भर दिसेल ती सोडियमची. मॅग्नेशियमसाठी १३०५ च्या वर जावं लागेल. इंदूरला जस्ताचा ८.६ केईव्हीचा नकाशा मिळाला तर तोही प्रस्तावाला जोडा.