मतं आहेत, माणसं नाहीत

'लोकांनाच काँग्रेस नकोशी झालीय' असं खान्देशाबद्दल म्हटलं जातं, ते मला पटत नाही. २०२४ च्या लोकसभेला याच खान्देशातून धुळे आणि नंदुरबार या दोन्ही जागा काँग्रेसला मिळाल्या. धुळ्याला त्याच मतदारसंघातल्या, पण नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावने हात दिला हे खरं, पण नंदुरबार? माणिकराव गावित जिथून नऊ वेळा निवडून आले, तो गड २०१४ ला गेला होता, तो दहा वर्षांनी परत आला. आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेला खान्देशात एकटं नवापूर उरलं, तेही थोडक्यात. (आघाडीत सगळ्या जागा लढवायला नव्हत्या, हे मान्य.)

आमच्या यावल तालुक्यातल्या गावात विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर काय पाहिलं ते सांगतो. एका पक्षाच्या टेबलावर चार पोरं, कोण येऊन गेलं, कोण राहिलं याच्या खुणा चालू, राहिलेल्यांना फोन. दुसऱ्या, काँग्रेसच्या टेबलावर सत्तरीतले एक आबा एकटेच. यादी उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली ठेवलेली. दुपारी ते जेवायला गेले, तर टेबल रिकामं.

इथून जवळच, फैजपूरला, १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं. आज केळीचा भाव पडला, पीकविमा अडकला, तर तहसीलला सोबत येणारा त्या पक्षाचा एक तरुण गावात नाही. मला याचं फार वाईट वाटतं. आबांना मी विचारलं, पुढच्या वेळी कोण बसेल? ते म्हणाले, "पोरगं सुरतेला आहे."