मदत हवी आहे: घरच्या सर्व्हरसाठी कमी वीज खाणारा छोटा संगणक कोणता?

चोवीस तास चालू ठेवायचा आहे. कामं तीन: चौघांच्या फोनमधले फोटो (इमिच), टीव्हीला सिनेमे (जेलिफिन) आणि पायहोल (घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या जाहिराती अडवणारं). ४ टीबीची ३.५ इंची डिस्क हाताशी आहे. बजेट १५ हजार. रास्पबेरी पाय ५, नवा एन१०० (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) मिनी पीसी की कंपन्यांतून निघालेला आय५-८५००टी वाला टायनी (लेनोवोचा छोटा डेस्कटॉप)? टायनीचे ३५ वॉट बघून बिलाची धास्ती वाटते. वीजही अधूनमधून जाते.

प्रतिसाद १
३५ वॉट हा पूर्ण भारावरचा आकडा. घरचा सर्व्हर बहुतेक वेळ नुसता बसून असतो. तेव्हा ८५००टी साधारण ८ ते १२ वॉट घेतो, एन१०० ६ ते १०. सलग १० वॉट म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. दोन वॉटच्या फरकाने दीड युनिटही वाढत नाही. त्यापेक्षा फिरती ३.५ इंची डिस्कच जास्त खाईल. ती यातल्या कशातच आत बसणार नाही, तिला १२ व्होल्ट लागतात. स्वतःचा अडॅप्टर असलेली यूएसबी केस घ्या.

पाय ५ या कामाला नको. व्हिडिओ एन्कोड करायला (म्हणजे टीव्हीला चालेल अशा प्रकारात बदलायला) त्यात हार्डवेअर नाही, टीव्हीला फाइल झेपली नाही की सगळा भार प्रोसेसरवर. शिवाय ३ अँपिअरचा चार्जर लावला तर यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. मग पोर्टवरच चालणारी २.५ इंची डिस्क मध्येच गायब होते आणि लोक डिस्कला शिव्या घालतात.

प्रतिसाद २
टायनीला +१, पण घेताना दुकानातच बायोस (यंत्र सुरू होतानाची मूळ सेटिंग) उघडून बघा. पासवर्ड असेल तर सरळ परत द्या. डेलचा मायक्रो (टायनीसारखाच छोटा डेस्कटॉप) मिळाला तर अडॅप्टर ओळखला जातोय ना, ते पाहा. मधल्या पिनवरून ओळख पटली नाही तर बायोस प्रोसेसरचा वेग पाडतो आणि यंत्र 'स्लो' म्हणून बदनाम होतं.

एव्ही१ (व्हिडिओ साठवायचा एक नवा प्रकार) मधले सिनेमे असतील तर मात्र एन१००. ८५००टी मध्ये तो उलगडणारा डिकोडर नाही.

धागाकर्ता
विजेचं काय करू? आणि ८ जीबी रॅम पुरेल?

प्रतिसाद २
बायोसमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस'ला 'पॉवर ऑन' करा. काही स्वस्त एन१०० डब्यांत हा पर्याय सापडत नाही, आधी विचारून घ्या. यूपीएस यूएसबी पोर्टवालाच घ्या, सोबत नट (यूपीएसची बॅटरी संपत आली की यंत्र नीट बंद करणारं सॉफ्टवेअर). डिस्कची केसही त्याच यूपीएसवर हवी, हे हमखास राहतं.

एक गोची: नटने यंत्र बंद केलं आणि तेवढ्यात वीज आली, तर यंत्राच्या लेखी वीज गेलेलीच नसते, ते बंदच राहतं. म्हणून शेवटी यूपीएसने आउटपुटही तोडावा, अशी नटची सेटिंग करा. एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बघा.

प्रतिसाद १
८ जीबीत चालेल. सगळे जुने फोटो एकदम टाकाल तेव्हा इमिचची चेहरे ओळखण्याची कामं एका वेळी एकच ठेवा, नाहीतर रॅम संपून कंटेनर (इमिच ज्यात चालतं तो वेगळा कप्पा) पडतो. टायनीत रॅमचे दोन स्लॉट असतात, नंतर वाढवता येते. एन१०० ला बहुधा एकच, तिथे सुरुवातीलाच १६.

बाहेरून फोटो बघायचे असतील तर राउटरचा वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असला तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटलाय; पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका, टेलस्केल (पोर्ट न उघडता बाहेरून घरच्या यंत्राशी जोडणारं सॉफ्टवेअर) टाका.