दहावी होऊन इतकी वर्षं झाली, तुमचं काय काय झालं? (अनुभव धागा)

कृष्णाकाठची
पावसाआधी माळा उपसायला माहेरी गेले होते, सांगलीच्या गावभागात. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा खालच्या खोल्यांतलं काही म्हणजे काही राहिलं नाही. माळ्यावरची पत्र्याची पेटी तेवढी वाचली. तिच्यात दहावीच्या निरोपसमारंभातली सह्यांची वही निघाली. साल १९८४. प्रत्येकीनं सहीखाली पुढं काय करणार ते लिहिलंय. डॉक्टर, बाई (म्हणजे शिक्षिका), एअर होस्टेस, एकीनं नुसतं ‘मुंबई’. आणि माझं: बुद्धिबळ खेळणार.

सांगलीत ते लिहायला धाडस लागत नव्हतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सुरू केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ होतं, उन्हाळ्यातल्या स्पर्धा होत्या, आणि पुढच्याच वर्षी आमच्या गावची भाग्यश्री साठे राष्ट्रीय विजेती झाली. माझा पट वाड्याच्या सोप्यात मांडलेला असायचा. दुपारी वर्गातली एक मैत्रीण यायची, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत दोन डाव व्हायचे. बारावीत परगावच्या स्पर्धेसाठी निवड झाली. सोबत जायला घरातलं कुणी मोकळं नव्हतं. तेवढ्यावर राहिलं.

१९८७ ला टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, दोन्ही हातांत कॉर्ड. लाइटनिंग कॉलला, म्हणजे सगळ्यांत तातडीच्या ट्रंक कॉलला, साध्या कॉलच्या आठपट पैसे पडायचे, म्हणून तो आला की आधीच छातीत धस्स व्हायचं. बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं असायचं. पलीकडचा माणूस रडायला लागला की लाइन तोडायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं एसटीडी आली, बोर्ड रिकामे झाले, मी बिलिंगला गेले. २०२० च्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, घराचं कर्ज, सगळं पार पडलं. नोकरीबद्दल तक्रार नाही. पण ती वही हातात घेऊन मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले.

तुम्ही शाळेत काय ठरवलं होतं, पुढं काय झालं, आवड कुठं गेली? लिहा. मोठं, छोटं, कसंही.

द्राक्षबाग
वाचतेय. गॅसवर आमटी आहे. रात्री सविस्तर लिहिते.

मिरज जंक्शन
रेल्वेत ३६ वर्षं. शाळेतही तेच ठरवलं होतं, त्यामुळे माझी गोष्ट इथंच संपली. पण मिरज-पंढरपूर नॅरोगेज कुणाला आठवते? अडीच फुटांचा रूळ. चढाला इतकी हळू जायची की पोरं खाली उतरून चालायची आणि परत चढायची. आषाढीला टपावर माणसं. ब्रॉडगेज झालं ते चांगलंच झालं, पण त्या गाडीचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

हरिपूरकर
आमचे आजोबा त्याच गाडीनं वारीला जायचे!
मी १९८६ ची दहावी. डिप्लोमाला नंबर लागला होता, वडील अंथरुणाला खिळले, थोरला मीच. हळदीच्या पेवांचं काम अंगावर आलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं कीड नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर आत हवा नाही, थांबायचं. वडिलांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, बाकीचं म्हणाले हळूहळू कळेल.

२००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. शेतकऱ्यांचा माल होता तो. पाणी ओसरल्यावर वास यायचा त्याचं वर्णन करवत नाही. आता सगळा माल कोल्ड स्टोरेजला. मी तिथंच सुपरवायझर आहे. इंजिनियर व्हायचं राहिलं याचं दहा-पंधरा वर्षं लई वाईट वाटायचं. आता वडिलांची आठवण जास्त येते.

माहुली
हरिपूरकर, कंदिलाचं वाचून काटा आला अंगावर.
मी साताऱ्याची, १९८८. शाळेत धावण्यात पहिली यायचे. नववीत घरून बंद केलं, मोठी झालीस म्हणाले. मग डीएड, जिल्हा परिषदेच्या शाळा, जावळीत सात वर्षं, एका शाळेवर पावसात चालतच जावं लागायचं. पन्नाशीला साखर निघाली. डॉक्टर म्हणाल्या चाला. चालता चालता एक दिवस यवतेश्वरच्या घाटात मागंपुढं कुणी नाही बघून धावले. पंजाबी ड्रेस, साध्या चपला, त्या हातात घेतल्या. शंभर पावलं असतील. कठड्यावर बसून हमसून हमसून रडले. पुढच्या आठवड्यात लेकीनं बूट आणून दिले. दोन वर्षांनी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पुरी केली, २१ किलोमीटर. मेडल देवघरात ठेवलंय.

मिरज जंक्शन
ताई, जिंकलात. पेढे पाठवा.

माहुली
कंदी पेढे देते की, त्या बदल्यात सांगलीचं भडंग हवं. लसूण जास्त घातलेलं.

हरिपूरकर
कृष्णेचं पाणी आधी तुमच्याकडं येतं, मग आमच्याकडं. पेढेही त्याच क्रमानं येऊ देत.

जुनी अकरावी
मी या धाग्यावर बहुधा सर्वांत मोठा. मार्च १९७५. जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा एकाच वर्षी झाली. आमच्या घरात दादा जुन्या अकरावीला आणि मी नव्या दहावीला. दोघंही पास, दोघांनाही चांगले मार्क. वडील सूतगिरणीत. एकाच्याच शिक्षणाचा खर्च झेपणार होता.

दादा दुसऱ्या दिवशी उठून आयटीआयचा फॉर्म घेऊन आला. कुणी त्याला काही म्हटलं नव्हतं. दोन वर्षांनी तो किर्लोस्करवाडीला टर्नर म्हणून लागला आणि मी वालचंद इंजिनियरिंग कॉलेजला गेलो. माझी फी त्याच्या पगारातून. मी पाटबंधारे खात्यात इंजिनियर झालो, क्वार्टर, जीप, सगळं मिळालं. तो ३५ वर्षं सकाळच्या सातच्या पाळीला.

त्याचा छंद म्हणजे भोवरे. बाभळीचा तुकडा घेऊन घरच्या छोट्या लेथवर कातायचा, बुडाला आर (टोकाचा खिळा) ठोकायचा, मग तळहातावर फिरवून बघायचा. जरा थरथरला की पुन्हा लेथवर. गल्लीतल्या तीन पिढ्यांची पोरं त्याचे भोवरे खेळली. निवृत्तीनंतर मीही त्याच्याकडं जाऊन बसतो. मला अजून धड कातता येत नाही, तो हात धरून शिकवतो.

फीचं हे पन्नास वर्षांत आम्ही कधीच बोललो नव्हतो. गेल्या महिन्यात मी काढलं. म्हटलं, दादा, तू तेव्हा... तो म्हणाला, चहा घे, गार होतोय.

कृष्णाकाठची
जुनी अकरावी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. दादांना माझा नमस्कार सांगा.

माहुली
माझाही. आणि भोवऱ्यांचे फोटो टाका ना, माझ्या वर्गातल्या पोरांना दाखवायचेत.

मिरज जंक्शन
आर पितळेची की लोखंडाची?

जुनी अकरावी
लोखंडाची. पितळ झिजतं. फोटो उद्या नातवाकडून टाकून घेतो.

द्राक्षबाग
आले. साडेअकरा वाजलेत, सगळे झोपलेत.
मला दहावीला गणितात १५० पैकी १४३ होते. १९८४. जूनमध्ये लग्न, तासगाव तालुक्यात. पुस्तकं बांधून आईकडं ठेवली, नंतर रद्दीत गेली. सासरी बाग. पहिली दहा वर्षं विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), डब्यांचा स्वयंपाक. मग बेदाणा शेड घातलं. एका सौद्याला मी मागं उभी होते, अडत्यानं हिशेब सांगितला आणि मला तोंडीच चूक दिसली. मामंजींना हळूच सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर कागद माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून वह्या माझ्याकडं. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा धरायचा, पण उन्हावर, गोडीवर ते बदलतं. ते बदलणं मी २६ वर्षं लिहून ठेवतेय, जाळीवर माल टाकल्यापासून रोजचं. घरचे म्हणतात कशाला. मला आवडतं.

आणि कृष्णाकाठची, एक विचारू? त्या वहीत ‘गणित’ एवढंच लिहिलेलं एक पान आहे का? खाली हिरव्या शाईत वजीर काढलाय?

कृष्णाकाठची
आहे.
अगं, आहे. नंबर मेसेज केलाय. आत्ता जागी आहेस ना?